आडव्या ठेवलेल्या पिशव्या

मला अळंबीची किळस येते. आवडत नाही, पचत नाही असलं काही नाही. सरळ किळस येते. हल्ली लग्नाच्या पंगतीत पनीरच्या जोडीला मशरूमची भाजी ठेवायची पद्धत पडली आहे. वाढपी ते भांडं घेऊन जवळ आला की मी ताटावर दोन्ही हात आडवे धरतो. तो हसतो, शेजारचा हसतो, बायको कोपर मारते. मारू दे. मी हात काढत नाही.

याला कारण आहे. लहानपणी आमच्या घरामागच्या उकिरड्यावर पावसाळ्यात पांढऱ्या-करड्या छत्र्या उगवायच्या. कुत्र्याच्या छत्र्या म्हणायचो आम्ही त्यांना, आणि त्यांना ते नाव का पडलं हे गल्लीतल्या कुत्र्यांकडे पाहून कुणालाही कळलं असतं. एकदा अनवाणी धावताना माझा पाय अशा कुजक्या छत्र्यांच्या झुबक्यावर पडला. बोटांच्या फटीतून तो थंड, बुळबुळीत लगदा वर आला आणि त्यात काहीतरी वळवळत होतं. मी जागेवरच बोंब ठोकली. ताई धावत आली. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिने मला काखोटीला मारून न्हाणीत नेलं आणि एकेक बोट वेगळं करून पाय धुतला. तिला मात्र किळस आली नाही. हसत होती ती. त्या दिवसापासून मला कशालाही हात लागला की हात धुवायची सवय लागली, ती आजतागायत आहे. शाळेत मुलं मला मागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

मी खामगावला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. नववीला वनस्पतींच्या हालचालींचा भाग असतो, त्यात गुरुत्वानुवर्तन येतं. मूळ जमिनीच्या ओढीने खाली जातं, खोड तिच्या विरुद्ध वर येतं. रोपाची कुंडी आडवी करून ठेवली तरी दोन-तीन दिवसांत शेंडा वर वळतो. दरवर्षी मी हा प्रयोग खिडकीत मांडतो आणि दरवर्षी कुणीतरी कुंडी पाडतं. हा भाग मी झोपेत शिकवू शकतो, आणि मुलंही तो झोपेतच ऐकतात.

आमचं गाव खामगावपासून मोटरसायकलने अर्ध्या तासावर. तिथे दादा आणि वहिनी शेती बघतात. तीन वर्षांपूर्वी ताईच्या नवऱ्याने दुसरं घर केलं आणि ताई एक पेटी घेऊन परत आली. तिला कुणी जा म्हटलं नाही. कुणी ये म्हटलं असंही नाही. कापसाची खोली तेव्हा रिकामी होती, तिथे तिने गादी टाकली.

आमच्याकडे कापूस वेचला की लगेच विकायला नेत नाहीत. भाव चढेल म्हणून घरातली एक खोली त्याला देतात. खिडकी नसलेली, जाड भिंतींची, थंड खोली. बोंडांसकट आलेले बारीक किडे अंगाला अशी खाज आणतात की ज्या दिवशी खोलीत कापूस पडतो त्या दिवशी माणसाने तिथून निघायचं. त्यामुळे दिवाळी झाली की ताईची गादी ओसरीत यायची, ज्वारीच्या पोत्यांच्या आडोशाला, ऐन थंडीच्या दिवसांत. फाल्गुनात कापूस गेला की ती पुन्हा आत. दोन हिवाळे असे गेले. ओसरीतून दादाचे मजूर येत-जात, पावणेरावळे येत. ताई पहाटे सगळ्यांच्या आधी उठून गादीची वळकटी करून ठेवायची, म्हणजे इथे कुणी झोपतं हे दिसू नये.

तिसऱ्या वर्षी ती तालुक्याला तीन दिवसांच्या शिकवणीला गेली आणि येताना धिंगरी अळंबीचं बी घेऊन आली. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, आमच्याकडे ढिगाने पडलेलं असतं. ते भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, थंड झालं की पिशवीत बियाणासोबत थराथराने भरायचं, पिशवीला चहूबाजूंनी बारीक छिद्रं पाडायची आणि अंधाऱ्या, थंड खोलीत ठेवायचं. खोली तीच, कापसाची.

दादाने ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही, फक्त त्याला दुसऱ्या कुणाला सुचलेलं आवडत नाही. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. दत्तजयंतीलोक वाट पाहू. माल निघाला तं खोली तुही, हिवाळाभर अन् पुढंबी. म्या कापसासाठी टिनाचं शेड टाकतो. नाई निघाला तं कापूस भरतो, मंग पुन्हा हा विषय काढाचा नाई."

ताईने मान हलवली. मला फोनवर हे सांगताना तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. खोली तुही, हे शब्द तिने दोनदा सांगितले.

त्या रविवारी मी गावी गेलो तेव्हा ओसरीत वाद पेटलेला होता. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की पिशव्या टांगायच्या, एकाखाली एक, सगळ्या बाजूंनी वारा लागला पाहिजे. कापसाच्या खोलीत वर एकच आडवी तुळई आहे. बाबा होते तोवर त्या तुळईला कापूस मोजायचा काटा अडकवलेला असायचा. आता काटा नाही, पण दादाच्या लेखी ती तुळई काट्याचीच.

"त्या तुळईले दोरीबी बांधाची नाई," दादा म्हणत होता.

वहिनी आतून म्हणाली, "अन् दारातून पायलं तं पांढरं पांढरं लटकून राह्यलेलं दिसन. लोकाईले काय वाटन घरात काय टांगलं म्हनून?"

"मंग ठेवू कुठी व?" ताई म्हणाली.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादा म्हणाला, "मास्तर, तुमीच सांगा आता." त्याला माझा पाठिंबा हवा असला की तो मला मास्तर म्हणतो, एरवी बे म्हणतो.

मी दादाकडे पाहिलं. मी बेचाळीस वर्षांचा आहे, चाळीस पोरांच्या वर्गाला दटावतो, पण दादाच्या भुवया जवळ आल्या की अजूनही मी मान डोलावतो. ताईची बाजू घ्यायची म्हणजे तुळईवरून त्याच्याशी भांडायचं. तेवढा दम माझ्यात नव्हता. तेव्हा मी खाकरून म्हणालो, "टांगण्याची काही आवश्यकता नाही. प्रत्येक सजीव गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध दिशेने वर वाढतो. पिशव्या आडव्या ठेवाव्यात आणि काप वरच्या बाजूने द्यावेत. त्यामुळे वाढीला उलट मदतच होईल."

अळंबी ही वनस्पती नाही, हे त्याच पाठ्यपुस्तकात काही पानं पुढे छापलेलं आहे. मी ते शिकवतो. तिच्या वाढीबद्दल मला काडीचंही ठाऊक नव्हतं. जन्मात मी कधी तिच्याकडे नीट पाहिलेलंही नव्हतं, किळसेपायी.

"असं म्हनतं तू?" ताईने विचारलं.

"शास्त्रीयच आहे ते."

तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "बरं. तू म्हनतं तं तसंच करू." दादाच्या भुवया सैल झाल्या आणि वहिनीने चहा टाकला. मला फार बरं वाटलं. दोघांची समजूत काढली म्हणून घरी येताना मी गाडीवर शीळ घालत होतो, हे आठवलं की आजही माझे कान तापतात.

ताईने दोन बाजा आत ओढल्या आणि त्यांवर पिशव्या आडव्या लावल्या, शेजारी शेजारी, चिकटून. पुढचे दोन रविवार मी दारातूनच डोकावलो. पिशव्यांमधलं कुटार आतून पांढरं होत चाललं होतं, दुधाची साय धरावी तसं. सायही मला चालत नाही. ताई मात्र रोज सकाळी त्यांच्यामध्ये उकिडवी बसून पाहायची. एका कोपऱ्यात तिची गादी होती. अळंबीसोबत झोपत होती ती! "गरम लागते खोली," ती खुशीत म्हणाली. मी उंबऱ्याबाहेरच उभा होतो.

पिशव्या फाडायची वेळ आली. मी सांगितल्याप्रमाणे तिने वरच्या बाजूने काप दिले आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायला लागली. चार दिवसांनी टाचणीच्या डोक्याएवढे कोंब आले म्हणून तिचा फोन आला. त्यानंतर आठवडाभर फोन नाही. शनिवारी आला.

"बाबू, येऊन पाय बरं एकदा. वास येऊन राह्यला."

मी गेलो. वास फाटकाशीच लागला. मेलेल्या उंदराचा, आंबलेल्या ताकाचा आणि ओल्या मोज्यांचा मिळून एक वास असेल तर तो. वहिनी पदर नाकाला लावून अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली होती आणि मी आल्यावर तिने फक्त बोटाने खोलीकडे दाखवलं, जसं काही माझंच कुणीतरी आत आहे.

मी आत गेलो. कसा गेलो देव जाणे. पिशव्यांच्या वरच्या बाजूने जी अळंबी आली होती ती सरळ देठावर उभी राहिली होती, आणि तिची टोपी वाटीसारखी वर उघडली होती. शिंपडलेलं सगळं पाणी त्या वाट्यांमध्ये साचून पिवळं पडलं होतं. कापांमध्येही पाणी भरून आतलं कुटार काळं झालं होतं. टोप्या बोटाने दाबल्या तर फुटत होत्या, ताई दाबून दाखवत होती. आतून चिकट, तारा धरणारा रस यायचा. बारीक काळ्या माश्यांचा थवा उठायचा आणि पुन्हा तिथेच बसायचा. पिशव्यांच्या खालच्या छिद्रांतून, बाजेच्या सुतळ्यांमधून, काही अळंबी जमिनीकडे निघाली होती. पण तिला तसं जायचं नव्हतं. तिचे देठ वर वळायला बघत होते आणि वर पिशवीला अडकून, चेंगरून, तिथेच सडले होते. त्यांतून काळा थेंब थेंब खाली गळत होता. ताईची गादी कोपऱ्यात उभी करून ठेवलेली होती आणि तिच्या खोळीवर त्या थेंबांचे डाग होते.

ताईने एक पिशवी उलटी केली. खाली पांढऱ्या अळ्या होत्या. एकदोन नव्हे, वळवळता थर.

मी बाहेर कडुनिंबाखाली जाऊन ओकलो. सकाळचे पोहे, चहा, सगळं. आणि ओकून झाल्यावर न्हाणीत जाऊन साबणाने हात धुतले, मी कशालाही हात लावला नव्हता तरी. आतून ताईचा घमेलं ओढल्याचा आवाज येत होता. ती दोन्ही हातांनी तो लगदा उपसत होती, कोपरापर्यंत, नाकाला काही न बांधता. मधूनच थांबून ती एखादी अळंबी उजेडात धरून निरखायची. मला वाटलं तिचं डोकं फिरलं आहे. ती खरं तर शिकत होती, पण हे मला फार उशिरा कळलं.

कारण सगळं सडलेलं नव्हतं. बाजेच्या कडेला असलेल्या पिशव्यांच्या उभ्या बाजूने जी निघाली होती ती छान होती. भिंतीतल्या फडताळासारखी आडवी पसरलेली, वरून गुळगुळीत, पाणी ओघळून गेलेलं, खालच्या बाजूने बारीक पापुद्रे मोकळे लोंबलेले. तिने ती वेगळी काढून सुपात ठेवली. सुपाचा तळ जेमतेम झाकला गेला.

दुपारी जेवायला बसलो. मला जेवण जाणार नव्हतं, पण उठून जायची हिंमत नव्हती. दादाने भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचं शास्त्र काय म्हनते? हे बिघडलं काऊन?"

ताई वाढत होती. तिचा हात वरणाच्या पळीवर थांबला.

दत्तजयंती चार दिवसांवर होती. अंगणात ताडपत्रीखाली कापूस येऊन पडला होता. मला एवढंच म्हणायचं होतं, पिशव्या आडव्या ठेवल्या म्हणून बिघडलं, आणि आडव्या ठेवा असं मी सांगितलं. दोन वाक्यं. दादाने अजून एकदा करू दिलं असतं. नसतं दिलं तरी निदान खापर माझ्या डोक्यावर फुटलं असतं, जिथे ते फुटायला हवं होतं.

मी म्हणालो, "यात दोन घटक दिसतात. एक म्हणजे हवामान अनुकूल नव्हतं. आणि दुसरं, पाण्याचं प्रमाण अधिक झालेलं दिसतं."

पाणी कोण मारत होतं हे सांगायची गरज नव्हती. वहिनीने लगेच ताईकडे पाहिलं. दादाने सुस्कारा सोडला, रागाचाही नाही, आपल्याला वाटलंच होतं असा. ताईने वरण वाढलं. माझ्या ताटात वाढताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"हाव," ती म्हणाली. "पाणी जास्त झालं असन माह्याकून."

आजवर किळस म्हणून मी जे जे सांगत आलो, कुत्र्याच्या छत्र्या, साय, त्या अळ्या, ते सगळं त्या क्षणापुढे काहीच नव्हतं. माझ्याच तोंडाचा मला वास आला. मी भाकरी गिळली. गिळली म्हणजे खरंच गिळली, ताटातली सगळी, उलटी येऊ नये म्हणून वर पाणी पीत.

गुरुवारी खोलीत कापूस पडला. ताईची गादी ओसरीत आली, पण एकच रात्र. आमच्या मागच्या गल्लीत पिंजाऱ्यांचं घर आहे. चाचा गाद्या-रजया भरतात. पूर्वी त्यांच्या पडवीत तुळईला कापूस पिंजायची मोठी कमान टांगलेली असायची, तिचा तुणतुण आवाज दुपारभर आमच्या घरात यायचा. आता चाचांनी खामगावात यंत्र घातलं आहे आणि पडवी ओस पडली आहे. ताई ज्या पिशव्या वाचल्या होत्या त्या घमेल्यात घालून चाचीकडे गेली. पुढचं मला चाचीनेच सांगितलं. ताईने भीत भीत विचारलं, तुळईला दोरी बांधू का? चाची म्हणाली, "बांध ना बेटी. चालीस बरस कमान झूली इसपे, तेरा भुसा क्या भारी है?"

मी महिनाभर गावी गेलोच नाही. शाळेचं स्नेहसंमेलन, मुलाचा खोकला, गाडीचा टायर, कारणांना काय तोटा असतो. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गेलो, तेही बायकोने तिळगूळ दिला म्हणून. ओसरीत ताई नव्हती. गादीही नव्हती. वहिनी म्हणाली, "तथीच राह्यते आता. चाचीपाशी." आणि तिळगूळ घेऊन आत गेली.

मी पडवीत गेलो. रुमाल खिशातून काढून हातात धरला होता, पण वास फारसा नव्हता. ओल्या लाकडाचा, थोडा पिठाचा. तुळईला पिशव्या टांगल्या होत्या, एकाखाली एक, मध्ये वीतभर अंतर ठेवून. त्यांच्या चहूबाजूंनी अळंबी थराथराने निघाली होती आणि कुठेही पाणी साचलेलं नव्हतं. मला किळस आलीच. ते पांढरे मांसल कान बघून अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

"ये," ताई म्हणाली. "रुमाल लाव नाकाले, मले राग नाई."

एक पिशवी तिने मला मुद्दाम दाखवली. अळंबी रुपयाएवढी झाली असताना तिची दोरी तुटली होती, आणि घाईत जे टोक हाती लागलं त्याने बांधून ताईने ती उलटी टांगली. खालचे पापुद्रे वर झाले. दोन दिवसांत प्रत्येक देठ मान वळवावी तसा वळला होता, आकड्यासारखा, आणि पापुद्रे पुन्हा जमिनीकडे झाले होते. एकही चुकला नव्हता.

"पाय, कसंबी टांगलं तरी पोटाची बाजू खालीच करते," ती म्हणाली. मग तिने एक जुनी पाटी पुढे केली. रात्रभर तिच्यावर एक टोपी ठेवून दिली होती. काळ्या पाटीवर पांढऱ्या भुकटीच्या बारीक रेघा उमटल्या होत्या, मधून कडेला जाणाऱ्या. "हे त्याचं बी. या पापुद्र्याइतून अलगद खाली पडते. म्हनून त्याले पोटाखाली मोकळं लागते. वरून पाणी साचलं, खालून अडलं, का ते सडते. आडवं ठेवलं तं दोन्ही होते."

वीस वर्षं मी फळ्यावर बाणांची चित्रं काढतो आहे. असा धडा मी एकदाही दिलेला नाही.

मी विचारलं, "त्या बाईनं तुले सांगतलं होतं ना टांगाच्या म्हनून? मंग माह्यं काऊन आयकलं?"

ती तुटकी दोरी गुंडाळत होती. म्हणाली, "तू जवा जवा भेतं तवा शाळेतलं पुस्तकी बोलतं, बाबू. लहानपनापासून. दादासमोर तू तसा बोलाले लागला तवाच मले समजलं का तुले काई माईत नाई."

"मंग?"

"मंग काय? तुह्या अन् दादाच्या मधात माह्यापायी भांडन नको होतं मले. म्हटलं, चुकलं तं चुकलं. निस्तराच्या वक्ती तरी तू सांगशील, का 'आडव्या ठेवाले म्या सांगतलं होतं' म्हनून." तिने दोरीला गाठ मारली, ओढून पाहिली. "पाणी म्या जास्त नोतं मारलं."

चाची आतून चहा घेऊन आली, तो प्यायलो. निघताना ताईने वर्तमानपत्रात बांधून पुडा दिला. "तुह्यासाठी नाई. वहिनीले दे. तिले आवडते."

पुडा दोन बोटांनी धरून मी घरी आलो. दादा ओसरीत बसला होता, ज्या जागी ताईची गादी असायची तिथेच. कापसाच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत तुळईपर्यंत कापूस रचलेला होता. वहिनीने पुडा सोडून पाहिला. चांगली पांढरीशुभ्र, ताजी धिंगरी.

दादाने एक हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. त्याचा आवाज मऊ झाला. "जमलं म्हना की तिले. पुढच्या साली म्या शेड टाकू काय, बे? लोकं काय म्हनतील, बहीण दुसऱ्याच्या पडवीत झोपते. मले सांग, तथी जमलं तं आपल्या खोलीत काऊन नाई जमलं?"

त्याने मास्तर म्हटलं नव्हतं. त्याला पाठिंबा नको होता, खरंच विचारत होता. भुवया अगदी सरळ होत्या. एवढी सोपी वेळ माझ्यावर पुन्हा कधी येणार नव्हती.

"यंदा थंडी उशिरा पडली," मी म्हणालो. "तेव्हा हवामान अनुकूल नव्हतं, आता झालं आहे. हा सगळा हवामानाचा प्रश्न असतो."

दादाने हातातल्या अळंबीचा देठ चिमटीत फिरवला. "म्हंजे काई नेम नाई त्याचा," तो म्हणाला. "मंग राहू दे शेड. कापूसच बरा." आणि त्याने ती पुन्हा कागदावर ठेवली.

मी न्हाणीत गेलो आणि साबण लावून हात धुतले, एकेक बोट वेगळं करून.